ड्राफ्टच्या दिवशी वाजलेला फोन

माझा थोरला भाऊ ऑर्व्हिल झाब्का धान्याच्या कोठारावर ट्रकचं वजन करायचा. जून लागला की मात्र त्याचं चित्त थाऱ्यावर नसायचं. नेब्रास्कातल्या आमच्या गावात बेसबॉलचं वेड सगळ्यांनाच, पण याचं खूळ वेगळं. अंतिम सामना कोण जिंकलं याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नव्हतं. मोठे संघ शाळा-कॉलेजातली पोरं आळीपाळीने निवडून घेतात, तो ड्राफ्टचा दिवस म्हणजे याचा सण.

आता ते सगळं टीव्हीवर दिसतं. पोरं सूट घालून येतात, आया रडतात. मी बघते आणि मलाही रडू येतं, ते ऑर्व्हिलसाठी. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्या वेळी संघवाले आपापसात फोनवर निवड उरकायचे. हा लिंकन शहरातल्या वर्तमानपत्रात फोन लावून बातमीदाराचं डोकं खायचा, आणि "टेक्सासचा, डावखुरा" एवढं कळलं तरी माझ्या खानावळीत येऊन त्या पोराची कुंडली मांडायचा.

"आई विधवा असणार, मार्लिस. भिंतीवर चेंडू मारून मारून शिकलाय तो."

"आणि काल रात्री जेवला काय?"

"घेवडा," तो अगदी गंभीरपणे सांगायचा.

चौऱ्याऐंशी साली ड्राफ्ट आमच्याच गावात आला. आर्लीन कुचेराचा मुलगा वेस डावखुरा गोलंदाज होता, आणि त्याचा चेंडू असा वळायचा की समोरच्याची बॅट हवेतच फिरायची. एका संघाचा माणूस त्याला पाहायला आला, माझ्याकडची कॉफी घेऊन एप्रिलच्या थंडीत कुडकुडत बसला आणि जाताना म्हणाला, "त्या दिवशी फोनजवळ राहा. आमची पाळी आली की विचारू, येतोस का. हो म्हणालास की तू आमचा."

झालं. ऑर्व्हिलने गावभर फर्मान काढलं: ड्राफ्टच्या दिवशी कुचेरांच्या घरी कोणीही फोन करायचा नाही. संघाचा फोन यायचा आणि लाइन लागायची नाही, म्हणजे पोराच्या जन्माचं नुकसान. चर्चमध्ये सांगितलं, कोठारावर सांगितलं, दारूच्या गुत्त्यात तर टेबलावर हात आपटून सांगितलं. त्या दिवशी स्वारी सकाळपासून माझ्या खानावळीतल्या फोनशेजारी खुर्ची टाकून बसली.

फादर नोव्होत्नी बिचारे बहिणीला फोन करायला आले.

"ओमाहाला ना? करा," ऑर्व्हिल म्हणाला. "पण नंबर फिरवताना मी बघणार."

"अरे, मी पाद्री आहे!"

"म्हणून तर करू देतोय."

दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वेसला त्रास नको म्हणून त्याचे मित्रसुद्धा त्या गल्लीत फिरकले नाहीत. ऑर्व्हिलची चुळबुळ वाढली. शेवटी उठला आणि म्हणाला, "कोठारावर ट्रक आलाय." ट्रक कसला, खिडकीतून मला रस्ता दिसत होता ना! पण जाऊ दिलं त्याला.

त्याच्या डोक्यात किडा शिरला होता, तो मला नंतर कळला. सकाळपासून त्या घरी कोणाचाच फोन नाही. मग लाइन चालू आहे की मेली आहे, कळणार कसं? बंदच असली तर? एकदा लावून बघू, लगेच ठेवू. त्याने कोठारावरच्या वजनकाट्याच्या खोलीचं दार लावलं आणि नंबर फिरवला. फोन वेसने उचलला.

संघाचा फोन त्या घरी पोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी आर्लीन खानावळीत आली आणि पर्स हातातच धरून बसली. संघाच्या माणसाने त्या सकाळी फोन करून तिला सांगितलं होतं. आदल्या दिवशी लाइन सारखी एंगेज लागत होती, त्यांची पाळी आली, थांबता येत नव्हतं. इलिनॉयच्या कुणा पोराला घेतलं. पुढच्या फेऱ्यांतही वेसचं नाव कोणी उच्चारलं नाही.

"मी परसात होते," ती म्हणाली. "कोण बोलत होतं, वेस सांगत नाही."

ऑर्व्हिल शेजारच्या टेबलावर जेवत होता, त्याने ताट सरकवलं. इतका पांढराफटक माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता; फोन कोणाचा, ते मला तेव्हाच कळलं. तो उठून कुचेरांच्या घराकडे निघाला, आणि त्याला एकटं सोडायची भीती वाटली म्हणून मीही मागोमाग गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. गावाला ओरडत फिरला आणि हाच शहाणा!

वेस पायरीवर बसला होता.

"तुझं वाटोळं केलं मी," ऑर्व्हिल म्हणाला.

"काका, बसा हो."

"आईला नाव का नाही सांगितलंस? मार खायची लायकी आहे माझी."

वेसने मान हलवली. "सकाळपासून त्या फोनसमोर बसलो होतो. गल्लीत कोणी नाही, कोणी हाक मारेना. घरात मयत झाल्यासारखं वाटत होतं. मग तुमचा आवाज आला. इतकं बरं वाटलं मला! तुम्ही दोनदा म्हणालात, ठेवतो आता. मीच विषय काढत राहिलो."

ऑर्व्हिल खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला.

"मला कळत होतं काका, त्यांचा फोन येईल," वेस हळूच म्हणाला. "तरी तुमचा फोन ठेववला नाही."