पिशवी तिची, सही नवऱ्याची

मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा मी पनवेलच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये नोकरी धरली. नव्वदीची सुरुवात होती. लग्न होऊन पुण्याहून आले होते, टायपिंग येत होतं, अक्षर चांगलं होतं, एवढ्यावर काम मिळालं. केसपेपर काढायचे, फाइली लावायच्या आणि ऑपरेशनच्या आधी फॉर्मवर सही घ्यायची. फॉर्म इंग्रजीत होता. मी पेशंटच्या नवऱ्याला नाहीतर सासऱ्याला बोलवायचे, तळाच्या रेघेवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "इथे सही करा." कुणी वाचायला मागत नसे. मीही तो कधी पूर्ण वाचला नव्हता.

एके दिवशी उरणकडच्या खाडीकाठच्या गावातली एक कोळीण दाखल झाली. चाळिशीला टेकलेली, तीन मुलांची आई, पनवेलच्या बाजारात मासळी विकणारी. सहा महिने तिच्या अंगावरून फार जात होतं. तपासणीत पिशवीत गाठी निघाल्या होत्या आणि डॉक्टरांनी पिशवी काढायची ठरवली होती. तिच्या नवऱ्याने, तो बंदरात कामाला होता, आदल्याच दिवशी सही करून दिली होती. मी फाइल घेऊन तिच्या खाटेशी गेले तर तिने विचारलं, "बाय, तो कागद कशाचा हाय?"

"ऑपरेशनचा. तुमच्या मिस्टरांची सही झालीय. तुम्ही निवांत राहा."

ती उठून बसली. "पिशवी माजी हाय ना? मंग सही त्याची कशाला?"

मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, "वाच. काय लिवलंय ते मना वाचून दाखव."

मी इंग्रजी वाचत वाचत तिला मराठीत सांगितलं. गर्भाशय आणि दोन्ही बाजूंचे बीजांडकोश काढण्यास, तसेच शस्त्रक्रियेदरम्यान आवश्यक वाटेल ती अन्य उपाययोजना करण्यास संमती आहे. माझ्या मते मी फार स्वच्छ मराठीत सांगितलं होतं.

ती म्हणाली, "यातला मना येक सबुद नाय समजला. तुला समजला?"

शब्द मला कळले होते. पण बीजांडकोश काढले की बाईचं नेमकं काय होतं, हे मलाही ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे ओवे गावच्या एक मावशी आया म्हणून कामाला होत्या. वीस वर्षं बाळंतपणं बघितलेल्या. त्या शेजारच्या खाटेवरची चादर बदलत होत्या. हातातलं काम टाकून त्या आल्या आणि म्हणाल्या, "थांब, मी सांगते. पोरी, माशाच्या पोटात अंड्यांची गाबोली रते ना? तशा आपल्या पोटात, पिशवीच्या दोन अंगांना दोन जागा रतात. अंडी तिथं व्हतात. हे लोक पिशवीसंगं त्या दोनीबी काडनार, असं लिवलंय."

कोळणीच्या चेहऱ्यावर लख्ख उजेड पडला. लगेच पुढचा प्रश्न आला. "गाठी तं पिशवीत हायेत. मंग गाबोली कशाला काडतात? ती बिघडली हाय?"

"ते मना नाय ठावं. डाक्टरला इचार."

डॉक्टर भला माणूस होता. अडल्या बाईसाठी जेवणाच्या ताटावरून उठून येणारा. पण त्या दिवशी थिएटर तयार होतं, भूल देणारे डॉक्टर येऊन बसले होते. ते म्हणाले, "मी सगळं हिच्या नवऱ्याला समजावलंय. आता ऐन वेळी काय हे?"

"नवऱ्याच्या पोटात गाठी नायत," ती म्हणाली. मग तिने साडी नीट केली, थैलीत कपडे भरले आणि सांगितलं, "मी परवा येते. घरच्यांना घेऊन येते." आणि खरोखर चालू लागली.

डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं वाचून दाखवायला? अहो, आपल्याकडे निर्णय घर घेतं. एकट्या बाईला बसवून सगळं सांगायचं, हे परदेशातलं खूळ आहे. ती घाबरते आणि पळून जाते. गेलीच ना?"

नोकरी गेली असं समजूनच मी घरी आले. भाजी चिरता चिरता नवऱ्याला विचारलं, "माझ्या सिझेरियनच्या फॉर्मवर काय लिहिलं होतं हो?" तो म्हणाला, "काय माहीत. बाबांनी भरला होता." सासरे बाहेरच्या खोलीत होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "डॉक्टर म्हणाले तिथे सही केली. का गं, काही चुकलं का?" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. माझ्यावर जीव होता त्यांचा. तरीही मला कसंसंच झालं. माझं पोट उघडायची परवानगी घरातलं कुणीही देऊ शकत होतं, फक्त मला कुणी विचारलं नव्हतं, आणि इतकी वर्षं माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

नोकरी काही गेली नाही. परवा म्हणजे परवाच कोळीण आली. बरोबर नवरा, सासू आणि नणंद. डॉक्टर मला हळूच म्हणाले, "आता बघा, घरचे समजावतील तिला." तिने सगळ्यांना केबिनमध्ये बसवलं, मावशींना हाताला धरून आत आणलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "आता सांगा. ठरवनार मी. पन ऐकाला समदी पायजेत. उद्या मना काय झालं तं घरातल्या कोनी बोलाला नको, आमाला ठावं नवतं."

डॉक्टरांनी पेन हातात घेतलं. एकट्या बाईने ठरवावं की घराने, या वादाची तिने अशी मांडणी केली होती की त्यात दोन बाजूच उरल्या नव्हत्या.

मग ते बोलायला लागले. चित्र काढून दाखवलं. ते एक वाक्य बोलत, मावशी ते त्यांच्या बोलीत सांगत. बाहेर पेशंटची रांग वाढत होती. गाठी किती मोठ्या आहेत, नुसत्या गाठी काढता येतील का, त्या पुन्हा येऊ शकतात का, पिशवी काढली तर वजन कधी उचलायचं, असं सगळं विचारून झालं. मुलं झालेली आहेत, पुन्हा पुन्हा दवाखाना नको, तेव्हा पिशवी काढायची, हे तिने स्वतःच ठरवलं. आणि मग इतका वेळ गप्प बसलेली सासू बोलली.

"डाक्टर, माज्या भयनीची गाबोलीबी काडली. तवापासून ती घामानं भिजते, हाडं दुकतात, उगाच रडते. ते तेच्यानंच का?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हो. तरुण वयात काढली तर होतं तसं."

"मंग हिची कशाला काडता?"

"पुढेमागे तिथे कॅन्सर होऊ नये म्हणून."

"व्हईलच का?"

"नाही. क्वचित होतो." मग ते म्हणाले, "खरं सांगू का आजी, आम्हाला तसं शिकवलं, म्हणून मी काढत आलो. मला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

शेवटी असं ठरलं: पिशवी काढायची. बाजूच्या दोन्ही जागा डोळ्यांनी बघायच्या. चांगल्या असतील तर ठेवायच्या, बिघडलेल्या असतील तर काढायच्या. भूल कमरेत द्यायची होती, म्हणजे ती जागीच असणार होती. तेव्हा बघितल्यावर तिला विचारायचं, हेही तिने कबूल करून घेतलं. मी ते सगळं कोऱ्या कागदावर लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. तिने अंगठा उठवला. नवऱ्याने खिशातलं पेन काढलं आणि म्हणाला, "मी बाजूला करतो सही. साक्षीदार म्हनून."

ऑपरेशनच्या दिवशी मी थिएटरच्या दाराबाहेर उभी होते. कामाचं निमित्तही केलं नाही. बऱ्याच वेळाने मावशी बाहेर आल्या आणि तोंडावरचं फडकं खाली ओढून हसायलाच लागल्या. "डाक्टरनी पडद्यावरून इचारलं, बाई, दोनीबी चांगली हायेत, ठेऊ ना? तं ती बोलली, ठेव, हायेत तिथं बरी हायेत!" माझ्या शेजारी उभ्या असलेल्या तिच्या सासूने तिथल्या तिथे कानशिलावर बोटं मोडली. मागून डॉक्टर आले. इतकी वर्षं ऑपरेशनं करणारा तो माणूस एखादी परीक्षा पास झाल्यासारखा दिसत होता.

दोन-अडीच महिन्यांनी ती पुन्हा बाजारात बसली. अंगावर तेज आलं होतं. मला लांबूनच बघून तिने अशी हाक मारली की निम्मा बाजार वळला. शेजारच्या सगळ्या जणींना तिने माझ्यासमोर पुन्हा एकदा सगळी हकिकत ऐकवली. त्याच आठवड्यात त्यातल्या तिघी दवाखान्यात आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "आमाला कागद वाचून पायजेल."

मग मी आणि मावशींनी जेवणाच्या सुट्टीत बसून नवा फॉर्म लिहायला घेतला. एकेका शब्दावर भांडलो. मला 'संमती' हवं होतं, मावशी म्हणत होत्या, "तुजी संमती कोन बोलतो?" शेवटी सुरुवातीच्या ओळी अशा झाल्या: 'मना समजलं. मी इचारलं. माजी मर्जी हाय.' त्याच्या खाली: 'माजी मर्जी बदलली तं मी कवाबी नाय बोलेन.' डॉक्टरांनी वाचून दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि म्हणाले, "छापा."

त्यानंतर गावातल्या डॉक्टरांची एक बैठक होती. आमच्या डॉक्टरांनी तो फॉर्म तिथे मांडायचं ठरवलं, मला वाचायला नेलं आणि कोळणीलाही निरोप धाडला. ती नऊवारी नेसून, अंबाड्यावर वेणी माळून आली आणि पहिल्या रांगेत बसली. मी वाचत असताना मागे कुजबुज झाली. एक ज्येष्ठ डॉक्टर उठले. "कायद्याचा कागद असल्या बोलीत? आणि मुळात आपली माणसं डॉक्टरवर श्रद्धा ठेवतात. तुम्ही त्यांना शंका घ्यायला शिकवताय. ही आपली संस्कृती नाही." मग कोळणीकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई, खरं सांगा. एवढं सगळं ऐकून भीती नाही वाटली?"

ती उभी राहिली. "वाटली की. पन न ऐकता जास्ती वाटत व्हती." मग आमच्या डॉक्टरांकडे बोट करून म्हणाली, "आनि ह्या डाक्टरवर माजा आता जास्ती इश्वास हाय. त्यांनी मना इचारलं."

आधी कुणीतरी एकाने टाळी वाजवली, मग पाठोपाठ सगळ्यांनी. बैठक संपल्यावर ते ज्येष्ठ डॉक्टर माझ्यापाशी आले आणि हात पुढे करून म्हणाले, "एक प्रत द्या. बघतो." मी वीस प्रती काढून नेल्या होत्या. घरी जाताना एकही उरली नाही.

पुढे पाच-सहा वर्षं मी तिथे होते. नेऱ्याकडच्या, ओव्याच्या, उरणच्या बायका येत तेव्हा डॉक्टर कुठे आहेत हे नंतर विचारत. आधी विचारत, "कागद वाचनारी मावशी कुठं हाय?" डॉक्टरांनी स्वतः बाजारात जाऊन केबिनसाठी एक जादा खुर्ची आणली होती. मावशी तिच्यावर ऐसपैस बसायच्या, चष्मा लावायच्या, अक्षरओळख नसतानाही कागद हातात सरळ धरायच्या आणि सगळा मजकूर तोंडपाठ, एक शब्द न गाळता, सांगायच्या.