चाळीतली लोखंडी खिडकी

ती खिडकी आजही डोळ्यांसमोर येते. माझ्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण गिरगावातल्या एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली आलेल्या त्या खिडकीइतकं मला कशानेच शिकवलं नाही.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. मी तेव्हा नवा फौजदार. रोज मोर्चे, रोज बंदोबस्त. चाळीच्या माड्यांवरून आमच्यावर दगड, सोडावॉटरच्या बाटल्या, कधी उकळतं पाणीसुद्धा यायचं. आम्हीही मराठीच, पण वर्दीला ते सांगता येत नाही. घरी गेलो की आई विचारायची, "आज कोणाच्या पाठीत काठी घातलीस?" मी वर्दी खुंटीला अडकवायचो आणि पानावर बसायचो.

अशाच एका सकाळी मोर्चा गल्लीतून पुढे गेला आणि आमचा एक हवालदार सावलीला भिंतीलगत उभा राहिला. वरून अख्खी लोखंडी खिडकी, चौकटीसकट, त्याच्या खांद्यावर आली. डोकं वाचलं ते नशीब. खांद्याचं हाड मोडलं आणि त्याला इस्पितळात हलवलं.

कोपऱ्यावरचा पानवाला आमचा खबऱ्या होता. त्याने लगेच सांगितलं, "साहेब, तिसऱ्या माळ्यावरचा म्हातारा. दोन्ही हातांनी ढकलली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं." पानवाला खोटं बोलत नव्हता, हे पुढे सिद्ध झालं. पण डोळ्यांना दिसतं तेवढंच घडलेलं असतं असं नाही.

म्हाताऱ्याला ठाण्यावर आणलं. छापखान्यातून निवृत्त झालेला, धोतर-कोट घातलेला, मुंगी पायाखाली येईल म्हणून बाजूला होईल असा माणूस. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "मीच ढकलली. पोलिसांचा राग आला होता. लिहून घ्या."

मोठे साहेब खूश झाले. वरून रोज विचारणा होत होती, हल्ले करणारे पकडता की नाही? ते म्हणाले, "कबुली आहे, साक्षीदार आहे. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावा आणि उद्या कोर्टात उभा करा." म्हणजे म्हाताऱ्याचं उरलेलं आयुष्य तुरुंगात. एरवी आम्हाला कबुलीसाठी घाम गाळावा लागतो. इथे ती आयती ताटात वाढून आली होती, आणि तेच मला पचेना. मी म्हटलं, "काका, दगड मारतात, बाटल्या मारतात. स्वतःच्या घराची नवीकोरी खिडकी कोण फेकतं?"

"मी फेकली," म्हातारा म्हणाला.

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. नवऱ्याने काय कबूल केलंय हे कळताच तिने डबा खाली ठेवला. मी विचारलं, "काकू, खिडकी ढकलली तेव्हा तुम्ही कुठे होतात?" तिने नवऱ्याकडे पाहिलं, त्याने नकारार्थी मान हलवली, आणि तिने पदर तोंडाला लावला. नवरा-बायकोचं असं मूक बोलणं झालं की समजावं, घरात कोणीतरी तिसरं आहे आणि त्याला वाचवायचं चाललंय.

पंचांना घेऊन मी चाळीत गेलो. म्हाताऱ्यालाही बरोबर घेतलं. खोलीत त्याची मुलगी होती, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. रडून तिचे डोळे सुजले होते. भिंतीला मोठं भोक आणि त्यातून गल्लीतला उजेड सरळ आत येत होता.

पंचनामा करताना आधी खाली गल्लीत पाहिलं. खिडकी भिंतीला चिकटून पडली होती. रागाने फेकलेली वस्तू लांब जाते, ही सरळ खाली आली होती. झडपा अजून चौकटीतच घट्ट अडकलेल्या. मग वर आलो. चौकट बसवायला भिंतीत लाकडाच्या गुट्ट्या ठोकल्या होत्या आणि त्यांत स्क्रू पिळले होते. जुनी चुन्याची भिंत, तिने गुट्ट्यांसकट सगळं सोडून दिलं होतं. भोकाच्या कडेला चुन्याचे थर होते, एकावर एक, काही वाळलेले, वरचा तर अजून ओला. खालच्या कोनाड्यात चुन्याचा डबा आणि त्यात एक चमचा.

मी म्हाताऱ्याचे हात पाहिले. नखांत चुना.

"काका, चौकटीभोवतीची फट तुम्ही रोज बुजवत होतात?"

उत्तर मुलीने दिलं. "सांगा ना बाबा! आणखी किती लपवाल? साहेब, खिडकी ह्यांनी बसवली. माझ्या मालकांनी."

मग सगळं बाहेर आलं. जुनी सागवानी खिडकी वाळवीने खाल्ली होती. नवी सागवानी घ्यावी असं म्हाताऱ्याच्या मनात होतं. पण जावई लालबागला राहणारा, गिरणीत फिटर. तो म्हणाला, "मामा, लाकूड कशाला? आमच्या गिरणीत सगळ्या खिडक्या लोखंडी. वाळवी नाही, काही नाही. मीच बसवून देतो." सुट्टीच्या एका दिवसात त्याने ती बसवलीही. चाळीत कौतुक झालं, पुरणपोळीचं जेवण झालं. पंधरवड्यात फट दिसू लागली. चौकट ओळंब्यातून सरकून तिरपी झाली आणि झडपा अडकू लागल्या. पण जावयाच्या कामाला नाव ठेवायचं कसं? म्हातारा रोज सकाळी फटीत चुना भरायचा आणि रविवारी जावई आला की म्हणायचा, "जावईबापू, खिडकी कशी डोंगरासारखी उभी आहे!"

त्या सकाळी मुलगी खाली दवाखान्यात गेली होती. मोर्चा खालून गेला, पुढून लाठ्यांचा आवाज आला. म्हातारा घाबरला, तिला हाक मारायला खिडकी उघडू लागला. झडपा उघडेनात म्हणून दोन्ही हातांनी जोर लावला. पानवाल्याने पाहिलं ते हेच.

"माझं वय झालंय," म्हातारा म्हणाला. "त्याला आत टाकलंत तर गिरणीतली नोकरी जाईल. हिचं पहिलं बाळंतपण. मी तुरुंगात गेलो तर कोणाचं काय अडतंय?"

त्या माणसाचा मला राग आला आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटलं.

जावयाला मी बोलावलं नव्हतं, तो स्वतःच धावत आला. आधी छाती काढून म्हणाला, "साहेब, मी बसवलेलं मशीन वर्षानुवर्षं हलत नाही." मी त्याला भिंतीपाशी नेलं. त्याने एक गुट्टी बोटाने ओढली, ती सहज हातात आली. त्याने दुसरी ओढली, तीही आली. मशीन काँक्रीटच्या पायावर उभं राहतं. चाळीची भिंत चुन्याची, आणि लोखंडाचं वजन लाकडाच्या कितीतरी पट. गवंड्याने चौकटीचे पाय भिंतीत गाडले असते, सिमेंट भरून आठवडाभर पाणी मारलं असतं, तेव्हा कुठे भिंतीने पकड घेतली असती. आणि भिंत पाहून बहुधा आधीच सांगितलं असतं की इथे लाकूडच बरं.

मग जावई सासऱ्याकडे वळला आणि रागात थेट मालवणीवर आला. "मामानू, एकदा तरी सांगूक होया होता! तुरुंगात जाणार, पण जावयाक बोलणार नाय? असलो मान माका नको!" आणि तो मोठा बाप्या ढसाढसा रडला.

मोठ्या साहेबांना पटवायला वेळ लागला. मी पंचनामा पुढे ठेवला. हवालदारानेही इस्पितळातून जबाब दिला, "वर आरडाओरडा नव्हता, शिवी नव्हती. आधी चुना पडला अंगावर, मग खिडकी." खुनाच्या प्रयत्नाचं कलम गेलं. जावयावर निष्काळजीपणाचा खटला झाला, त्याने गुन्हा कबूल करून दंड भरला. नोकरी टिकली. खांदा बरा होईपर्यंत तो दर रविवारी हवालदाराच्या घरी जायचा.

काही महिन्यांनी मी त्या गल्लीतून जात होतो. म्हाताऱ्याने वरून हाक मारली. नवी सागवानी खिडकी, गवंडी आणि सुतार दोघांनी मिळून बसवलेली. जावयाने गवंड्याच्या हाताखाली घमेली उचलली होती म्हणे. नातू पाळण्यात झोपलेला. चहा घेताना म्हाताऱ्याने एक झडप लावली, उघडली, पुन्हा लावली. मग घसा खाकरला.

"जावईबापू, खालची कडी जरा घासते हं."

काकूंचा हात कपबशीवर थांबला. मुलीने नवऱ्याकडे पाहिलं. जावई उठला, कडी हलवून पाहिली, सवयीने खिशात पान्हा चाचपला आणि हात रिकामाच बाहेर काढला.

"घासते खरी," तो म्हणाला. "सुताराला बोलावतो."

परवा माझ्या घराच्या खिडक्या बदलायच्या ठरल्या. माझा जावई इंजिनियर, लगेच म्हणाला, "बाबा, ॲल्युमिनियमच्या घेऊ, मीच बसवतो." कबुली कशी तपासायची हे त्या केसने मला शिकवलंच, पण त्याहून मोठी गोष्ट त्या क्षणी उपयोगी पडली. मी म्हटलं, "जावईबापू, राग मानू नका. तुम्ही भिंत बघायला या, चहाला या. बसवायला मात्र बसवणारा माणूस येईल."

त्याला थोडं लागलं. लागू दे. चुना भरत बसण्यापेक्षा ते बरं.