धोंडा बुडाला की वाट बंद

बुधी गेल्याचं मला कर्जतच्या बाजारात कळलं. तिच्या वाडीतल्या बायका सकाळी रानभाजी घेऊन येतात. त्यांच्यातल्या सोमीपुढं मी कर्टुली निवडत बसले होते. "बुधीबाईचा खोकला कसा आहे गं?" असं मी सहज विचारलं, तर ती माझ्याकडं बघतच राहिली. "ती गेली ना ताय, गेल्या रविवारी. तुला कोनी सांगला नाय?" मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं असं वाडीत कोणाला वाटलं नसेल, आणि गेल्या चार वर्षांत मी जशी वागले ते पाहता त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. निवडलेली कर्टुली तशीच ठेवून मी उठले. पुढं कुठं जायचं होतं ते काही केल्या आठवेना…

बुधी दरवडा ही डोंगरापायथ्याच्या ठाकरवाडीतली. वाडीच्या मागं जंगल सुरू होतं आणि त्यातून एक वाट वरच्या पठाराकडं आणि धबधब्याकडं जाते. जंगल सरकारी, पण वापर सगळ्यांचा. वाडीची गुरं तिथंच चरतात, बायका वाळकी लाकडं आणतात, पावसाळ्यात भाज्या आणि उन्हाळ्यात मध तिथूनच येतो. सुटीच्या दिवशी मुंबई-पुण्याकडची माणसं सहलीला येतात ती याच वाटेनं. इतक्यांचे पाय एकाच वाटेवर पडू लागले तेव्हा भांडणं व्हायला लागली. मग गावानं आणि वनखात्यानं मिळून एक समिती केली, वाटेच्या तोंडाशी बांबूचा दांडा आडवा टाकला, शेजारी नियमांची पाटी लावली आणि दांड्यापाशी बुधीला बसवलं.

तिला वाचता येत नव्हतं. पण पाटी तिनं कुणाकडून तरी दोन-तीनदा वाचवून घेतली होती आणि कुठला नियम कितव्या ओळीत आहे ते तिला पाठ होतं. कुणी मोटारसायकल आत घालू लागला की ती जागची न उठता म्हणायची, "दुसरी ओळ वाच." कुणाच्या पाठीवर स्पीकर दिसला की, "पाचवी वाच, मोठ्यानं वाच." आणि माणसं खरोखर मोठ्यानं वाचायची. ती सगळ्यांना अरे-तुरे करायची. वनखात्याचे साहेबही त्यातून सुटले नव्हते.

मी शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी आम्ही काही बायकांनी महिन्यातून एकदा डोंगरात चालायला जायचं ठरवलं. कर्जतच्या पाचसहा जणी, दोघी नेरळच्या आणि मोहोपाड्याच्या कारखान्याच्या वसाहतीतली नलिनी. पहिल्याच खेपेला बुधीनं आम्हाला इंगा दाखवला. आम्ही गप्पा मारत वाट अडवून चाललो होतो आणि समोरून तीन बायका डोक्यावर मोळ्या घेऊन उतरत होत्या. त्या बिचाऱ्या बाजूच्या उतारावर पाय रोवायला लागल्या, तेवढ्यात मागून आवाज आला, "ए चपलीवाल्या! बाजूला व्हा. ओझंवाली आधी जाईल." हा नियम पाटीवर नव्हता. मला राग आला, कारण मला आयुष्यभर कुणी असं हाकललं नव्हतं. परत येताना मी तिला म्हटलं, "हे कुठल्या ओळीत आहे?" ती म्हणाली, "ते लिवायला लागतं व्हय?"

त्यानंतर आमची ओळख वाढत गेली. आम्ही दोघी साधारण एका वयाच्या, दोघी विधवा. मी लवकर पोचले तर तिच्याजवळ बसायचे. तिनं मला झाडं दाखवली, आग्या मोहोळाच्या खालून जाताना बोलायचं नाही हे शिकवलं, आणि ओढ्यातला धोंडा दाखवला. दांड्यापासून दहा मिनिटांवर वाट ओढा ओलांडते. तिथं मधोमध एक पांढरा रंग दिलेला धोंडा आहे. तो दिसतोय तोवर वाट उघडी. तो बुडाला की वाट बंद, मग समोर कुणीही असो. बुधी पावसाळ्यात दर तासाला जाऊन तो बघून यायची.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला. चार वर्षांपूर्वी भाद्रपदात मी आमचा गट घेऊन गेले. त्या दिवशी पाच नव्या बायका होत्या, पुण्याहून पहाटे निघून आलेल्या. सगळ्या झाडाखाली चहा पीत थांबल्या आणि मी एकटी पुढं जाऊन बुधीला भेटले. पाऊस थांबला होता, ऊन पडलं होतं.

"आज बंद हाय ताय. धोंडा बुडलाय."

"अगं, ऊन पडलंय. तासाभरात उतरेल पाणी."

"उतरंल तवा बघू."

"बुधी, या इतक्या लांबून आल्यात. मी त्यांना शब्द दिलाय. माझ्या जबाबदारीवर सोड. मी काय आज येतेय का इथं?"

ती डोंगराच्या माथ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तू सांगतेस म्हनून," आणि तिनं दांडा वर केला.

जाताना पाणी गुडघ्याच्या खाली होतं. हातात हात धरून आम्ही पार झालो, आणि मला वाटलं, बघा, उगाच घाबरते ही. दुपारी पठारावर धुकं उतरलं आणि पाऊस कोसळला. परतताना ओढ्याचा रंग बदललेला होता. थांबायला हवं होतं, पण बायका भिजून कुडकुडत होत्या आणि मी म्हणाले, "चला, एकमेकींना धरून." मधोमध नलिनीचा पाय सुटला. ती वाहत जाऊन खालच्या खडकांवर आदळली आणि एका उंबराच्या मुळाला अडकली. आमची शिट्टी ऐकून बुधी आली ती धावतच, हातात गुराचं दावं. तिनं ते झाडाला बांधलं, दुसरं टोक कमरेला गुंडाळलं आणि ती पाण्यात उतरली. तिनं नलिनीला ओढून काढलं. मी काठावर उभी होते, एवढंच.

नलिनी वाचली. खुबा मोडला, दोनदा शस्त्रक्रिया झाली, आणि आज ती घरातल्या घरात वॉकर घेऊन चालते. तिच्या मुलानं तक्रार केली, ते बरोबरच होतं. पंधरा दिवसांनी शाळेच्या ओसरीवर समितीची बैठक झाली. वनखात्याचे साहेब, गावातली माणसं, आमच्या गटातर्फे मी. साहेबांनी विचारलं, "बंदच्या दिवशी दांडा कुणी उघडला?"

बुधी खाली बसली होती. म्हणाली, "मी उघडला."

"कुणी सांगितलं होतं का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आले. "मीच उघडला," ती पुन्हा म्हणाली. आमचा गट बंद होईल, नलिनीचा मुलगा मला कोर्टात खेचेल, गावात शाळेतल्या बाई म्हणून जो मान आहे तो जाईल… एका मिनिटात माणूस किती हिशेब करतो. मी गप्प राहिले. बुधीला दांड्यावरून काढलं.

त्यानंतर मी त्या बाजूला वर्षभर गेले नाही. गेले तेव्हा दांड्यापाशी दुसरा माणूस होता. बुधी कुठं म्हणून विचारलं तर त्यानं ओढ्याकडं बोट केलं. ती धोंड्यासमोर काठावर बसली होती. कुणी सांगितलेलं नसताना, पावसाळाभर ती तिथं येऊन बसायची आणि पाणी चढलं की येणाऱ्यांना मागं फिरवायची. पाटी तिथं नव्हती, दांडा नव्हता, तिला कसला अधिकारही नव्हता. काही जण ऐकायचे, काही शिव्या घालून जायचे. त्यांच्यामागं ती पलीकडच्या काठावर नजर लावून बसायची, ते परत येईपर्यंत. अंगावर पाऊस घेत.

मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "बुधी, माझं चुकलं. त्या दिवशी मी सांगायला हवं होतं."

"तू मागितलास, मी दिला. दांड्यावर हात माझाच व्हता."

"तरीपण…"

"मंग तवा का नाय बोललीस गं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. थोड्या वेळानं ती उठून धोंडा बघायला पाण्याजवळ गेली आणि मी घरी आले. आमचं शेवटचं बोलणं तेच. खोकल्याचं मला सोमीकडून कळत राहिलं. छातीत पाणी झालं, दवाखान्यात नेलं, परत आणलं. जाऊन भेटायचं मी दर आठवड्याला ठरवत होते.

बाजारात कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेले. सून घरात होती. तिनं पाणी दिलं, बसायला गोधडी टाकली. मी काय बोलावं या विचारात असताना ती आत गेली आणि एक खाकी जाकीट घेऊन आली. समितीनं दांड्यावर बसताना बुधीला दिलेलं. धुऊन, नीट घडी घातलेलं.

"एवढा समितीला देशील का ताय? आत्या सारखी म्हनायची, परत करायचा हाय. पन तिला तिथं जायची लाज वाटायची."

मी ते घेतलं आणि पुढच्या बैठकीला गेले. या वेळी बैठक समितीच्या नव्या खोलीत होती. जाकीट टेबलावर ठेवलं आणि उभ्यानं सगळं सांगितलं. मी काय मागितलं, ती काय म्हणाली, मी कशी गप्प बसले. सांगून झाल्यावर अध्यक्ष, वाडीतलेच एक म्हातारे गृहस्थ, म्हणाले, "आमाला म्हाईत व्हता, बाय. तिला कोनी सांगितल्याबिगर ती दांडा उचलनारी नव्हती. तू कदी सांगतेस, ते बघत व्हतो."

नव्या माणसाला ते जाकीट होत नाही, त्याला खांद्यात आखडतं. म्हणून ते खोलीतल्या खिळ्याला टांगून ठेवलं आहे. परवा गेले होते तेव्हा खोली बंद होती, किल्ली मागून उघडवून घेतली. भिंतींना नव्या रंगाचा वास होता. जाकिटाजवळ गेल्यावर मात्र चुलीच्या धुराचा वास आला. सुनेनं एवढं धुतलं, तरी गेलेला नाही.