दाराखालची फट

“दार खालून कापून दे गं. चार बोटं तरी.”

सबनीसकाकूंचा फोन. मला वाटलं, फरशी उंच केली असेल, दार घासत असेल. तसं काही नव्हतं. दार छान उघडत होतं, छान लागत होतं. नवंकोरं होतं.

“मग कापायचं कशाला?”

“तू येऊन बघ ना. फोनवर सांगितलं तर म्हणशील, म्हातारीला वेड लागलं.”

मी अंधेरीच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत दारं डिझाइन करते. लाकडाची नाही, फायबरग्लासची. काचेच्या धाग्यांची चटई मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, अंथरायची, तिच्यावर रेझिन चढवायचं, कडक झालं की दाराची एक बाजू तयार. तिला आम्ही स्किन म्हणतो. अशा दोन स्किन, मध्ये फोम आणि चारी कडा सील. पाणी लागो, वाळवी येवो, या दाराला ढिम्म काही होत नाही. लाकूड फुगतं, आणि बाथरूमचं दार तर खालून कुजतंच. आमचा निम्मा धंदा त्या कुजण्यावर चालतो.

सबनीसांच्या बाथरूमचं जुनं दार तसंच होतं. खालची कड उंदरानं कुरतडल्यासारखी, आणि फुगलं की असं अडकायचं की आतला माणूस आतच. सबनीससर गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांना कंपवात, हातपाय थरथरायचे. ते कधीतरी आत अडकून पडतील, ही काकूंची धास्ती. म्हणून नवीन दार. मापं मीच घेतली होती. खाली नावापुरती फट ठेवली होती आणि काकू खूश होत्या.

बोरिवलीला पोचले तेव्हा सर आंघोळीला गेले होते. काकूंनी मला स्वयंपाकघरात उभं केलं, हातात चहा दिला आणि म्हणाल्या, “ऐक.”

“काही ऐकू येत नाही, काकू.”

“तेच तर!”

मग त्यांनी सांगितलं. आंघोळ करताना पाढे म्हणायची सरांची लहानपणापासूनची सवय. कुठला पाढा चाललाय त्यावरून काकूंना आतली खबर लागायची. बाराला डोक्यावर पाणी, सतराला साबण, एकोणतीस आला की टॉवेल. मध्येच थांबले की काकू गॅस बंद करून दाराशी. त्या कुजक्या दाराखालून सगळं ऐकू यायचं. आमच्या दारातून पाण्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. आमच्या ब्रोशरमध्ये हे मोठ्या टायपात छापलंय.

“कडी लावू नका म्हणावं त्यांना.”

“लग्न झाल्यापासून सांगतेय. कडी लावल्याशिवाय त्यांना आंघोळ केल्यासारखं वाटत नाही.”

“मग आत बेल बसवू या?”

“बेल त्यांनी पडल्यावर वाजवायची ना? मला त्याच्या आधी कळायला हवं.”

लाकडी दार असतं तर सुताराला बोलावून तिथल्या तिथे कापलं असतं. फायबरग्लासचं तसं नसतं. खालून कापलं की सील जातं, फोम उघडा पडतो आणि पाणी आत शिरून दाराची वाट लागते. त्यापेक्षा खाली जाळी हवी. तिरप्या पट्ट्यांची. म्हणजे आतलं दिसणार नाही, पण ऐकू येईल. ती मोल्डमध्येच बसवायची. मी ड्रॉइंग केलं आणि आमच्या पारेखसरांपुढे ठेवलं. कंपनी त्यांचीच.

“एका दारासाठी मोल्डला हात लावायचा?” ते म्हणाले. “आपलं दार फेल झालंय का?”

“नाही.”

“मग हा त्यांच्या घरचा प्रॉब्लेम आहे ना यार. पुढच्या बॅचला बघू.”

दार फेल झालं नव्हतं, हे अगदी खरं. त्या वाक्याचा मला अजून संताप येतो, कारण त्यात खोडून काढण्यासारखं काहीच नव्हतं. मी काकूंना सांगितलं, थोडे दिवस थांबा. त्या थांबल्या. म्हणजे सर आंघोळीला गेले की दाराला कान लावून उभ्या राहायला लागल्या. दूध उतू जायचं, भाजी करपायची.

एक दिवस गॅसचा सिलिंडर आला. तो आत घेऊन काकू परत दाराशी गेल्या आणि कान लावला. काहीच नाही. पण काहीच नाही म्हणजे काय, हे त्या दाराबाहेरून कळायची सोय नव्हती. हाका मारल्या. शेवटी शेजारच्या डिसूझांना बोलावलं. त्यांनी लाथा घातल्या. दार फुटलं नाही. कडीचे स्क्रू उखडले, तेव्हा उघडलं.

“जुनं दार असतं ना, तर एका लाथेत गेलं असतं,” डिसूझा मला नंतर म्हणाले. मजबुतीचं तेवढं चांगलं सर्टिफिकेट आमच्या दाराला कुणी दिलं नसेल.

सर वाचले. पण डोक्यात रक्तस्राव झाला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉलमध्ये लोखंडी पलंग आला.

पारेखसरांना कळल्यावर त्यांनी मोल्डला हात लावू दिला. जाळीचं दार तयार झालं. मला ते बघवत नव्हतं. सर आता बाथरूममध्ये जाणारच नव्हते, अंग पुसायचं तेही पलंगावरच. मी फोन केला, “काकू, आता नको असेल तर...”

“आण. लाव.”

बसवून झाल्यावर काकू म्हणाल्या, “थांब, बघते.” आत गेल्या, कडी लावली, नळ सोडला. मी सरांच्या पलंगापाशी उभी होते.

आतून आवाज आला. “सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक चौसष्ट.”

सरांचा डावा हात हलला. त्यांनी बोटातली अंगठी पलंगाच्या दांडीवर आपटली. टक, टक.

“बरं बरं, अडुसष्ट!” काकू आतून ओरडल्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “काकू, पाढे कच्चे आहेत तुमचे.”

“इतकी वर्षं ऐकून कच्चे राहतील?” त्या हळूच म्हणाल्या. “मुद्दाम चुकले. त्यांनी ठोकलं की मला आत कळतं, बाहेर ते आहेत.”

घराबाहेर पडेपर्यंत मी रडू आवरलं. जिन्यात नाही आवरलं.

त्या जाळीच्या दाराला फारसं गिऱ्हाईक नाही. आवाज बाहेर येतो, अशी लोकांची तक्रार असते. मी मात्र माप घ्यायला गेले की टेप काढायच्या आधी विचारते, “आत गेलेल्या माणसाची खबर बाहेर कशी लागते तुमच्याकडे?”

बहुतेक जण म्हणतात, “मोबाईल असतो ना आत.”