‘वादळी पाच’चा दुसरा भाग

सोफे-खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली झांजवाले म्हणायची. खरं तर आयुष्यात त्यांनी झांज हातात घेतली ती एकाच सिनेमात, आणि तीही वाजवायची राहूनच गेली. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. वडिलांनी ठेवलेलं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं.

सिनेमाचं नाव ‘वादळी पाच’. माहितीपटाचं सोंग घेतलेली ती एक भलीमोठी थाप होती. वादळी पाच नावाचा एक बँड, त्यात माणसं चारच, आणि पाचवा सिनेमाभर ‘येतोय’. सगळं जग आपल्या गाण्यांवर जीव टाकतं अशी त्या चौघांची खात्री, आणि एक गंभीर आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांच्या महानतेचा इतिहास सांगतोय. आवाज जितका गंभीर, तितकं लोक पोट धरून हसायचे.

दिग्दर्शक तेव्हा दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. अंगात एकच बरा शर्ट, डोक्यात मात्र हजार उद्योग. शूटिंगसाठी त्याने झांजवाल्यांकडून सोफा आणि खुर्च्या मागून नेल्या. स्प्रिंगांवर कोणी नाचू नये म्हणून झांजवाले स्वतः बरोबर गेले. आणि ते गेले म्हणून शेजारचा कवळ्याही गेला. कवळ्या खोटे दात बनवायचा. त्याचं वर्कशॉप भिंतीला भिंत लावून होतं, आणि दोघांची दोस्ती त्या भिंतीपेक्षा जुनी होती.

शूटिंगच्या हॉलमध्ये चार बँडवाल्यांपैकी दोघेच आले होते. दिग्दर्शकाने झांजवाले आणि कवळ्या यांना मागच्या रांगेत बसवलं, कवळ्याच्या गळ्यात अकॉर्डियन अडकवलं, झांजवाल्यांच्या हातात झांजा दिल्या आणि सांगितलं, “गाण्याच्या शेवटी एकदा वाजवा. एकदाच.”

ताल आणि झांजवाले यांचं तर सात जन्मांचं वैर. कॅमेरा सुरू झाला आणि त्यांना घाम फुटला. ओठ न हलवता त्यांनी विचारलं, “आता वाजवू?”

“थांब,” कवळ्या म्हणाला.

“आता?”

“थांब म्हटलं ना.”

“आता तरी?”

“आता घरी चल. गाणं संपलं.”

हे कोणी लिहिलेलं नव्हतं. सिनेमा लागला तेव्हा कुत्रंही फिरकलं नाही. पण मग एकाने दुसऱ्याला दाखवला, दुसऱ्याने मेव्हण्याला, आणि बघता बघता मागच्या रांगेतल्या त्या दोघांचं बोलणं लोकांच्या तोंडी बसलं. झांजवाले रस्ता ओलांडायला उभे राहिले की पलीकडून कोणीतरी ओरडायचं, “थांब!” दवाखान्यातली नर्स सुई टोचण्याआधी गालात हसत विचारायची, “आता टोचू?” झांजवाले कपाळाला आठ्या घालायचे, पण मनात उकळ्या फुटायच्या. दुकानात आले की हातोडीने भिंतीवर ठोकायचे. पलीकडचं खोटे दात घासायचं यंत्र थांबायचं आणि कवळ्या चहाला यायचा.

“आज कोण भेटलं?” तो विचारायचा.

झांजवाल्यांच्या तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरलेल्या असायच्या. एकेक काढून ते कापडात ठोकत. तशाच तोंडाने ते काहीतरी पुटपुटायचे.

“याच्या तोंडात कायम चुकाच,” कवळ्या गिऱ्हाइकाला सांगायचा. “आयुष्यात एक शब्द बरोबर निघालेला नाही.”

वर्षं गेली. झांजवाल्यांच्या बायकोने मुलीच्या बाळंतपणासाठी परक्या शहरात जाऊन राहायचं ठरवलं आणि ती तिकडचीच झाली. भांडण नाही, तंटा नाही. नातवाचा लळा लागला, मग दुसरा झाला, मग गुडघे दुखायला लागले. रविवारी फोन यायचा. जेवलात का, औषध घेतलं का, ठेवते. झांजवाल्यांनी ते फार मनाला लावून घेतलं नाही, कारण भिंतीपलीकडे कवळ्या होता.

मग कवळ्याची छाती भरू लागली आणि एका हिवाळ्यात तो गेला. वर्कशॉपच्या जागी मोबाइल दुरुस्तीवाला आला. चांगला मुलगा होता, कानात काहीतरी खुपसून काम करायचा. एकदा सवयीने झांजवाल्यांनी भिंतीवर हातोडी ठोकली, तर तो धावत आला. “काका, आवाज मोठा होतोय का? कमी करतो.” त्यानंतर त्यांनी हात आवरला.

आणि अशात दिग्दर्शकाचा फोन आला. तो आता मोठा माणूस झाला होता, केस पांढरे, आवाजात वजन. दुसरा भाग काढायचा म्हणाला. लोक मागतायत म्हणाला.

“पण कवळ्या नाही,” झांजवाले म्हणाले.

“म्हणून तर तुम्ही हवेत.”

या बोलण्याचा अर्थ झांजवाल्यांना नीट लागला नाही. पण खूप दिवसांत कोणाला ते हवे नव्हते. ते हो म्हणाले.

या वेळी सोफे मागून आणलेले नव्हते. मोठा स्टुडिओ होता, दिवे होते, संवाद लिहायला तीन शहाणी पोरं होती. कवळ्याच्या जागी एक नामांकित विनोदी नट आणला होता, अकॉर्डियनवाल्याचा पुतण्या म्हणून. नट गुणी होता, नम्र होता, झांजवाल्यांच्या पायाही पडला. सीन सुरू झाला.

“आता वाजवू?” झांजवाल्यांनी लिहिल्याप्रमाणे विचारलं.

“थांब,” नट म्हणाला, अगदी नेमक्या क्षणी. स्टुडिओतली सगळी माणसं हसली. झांजवाल्यांनाही कळलं की जागा अचूक साधली आहे. पण त्यांनी झांजा मांडीवर ठेवल्या. कवळ्या कधीच हशा साधून थांब म्हणत नव्हता. तो खरोखर मनात मात्रा मोजत असायचा, मित्राची फजिती होऊ नये म्हणून. ते दोघे विनोद करत नव्हतेच. एक घाबरला होता आणि दुसरा त्याला सांभाळत होता. इतकी वर्षं जग हसलं ते त्याला.

हे सांगायचं कोणाला? त्यांनी नटाला एवढंच म्हटलं, “छान म्हटलंत.”

बाकीचे दिवस ते सांगतील तिथे पडले, सांगतील तिथे घोरले. लिहिणाऱ्या पोरांना म्हातारपणाची फार मजा वाटत होती. दात पडणं, कानाला ऐकू न येणं, शर्टाची बटणं चुकणं. झांजवाल्यांना नीट ऐकू येत होतं, पण त्यांनी कानामागे हात धरला.

शेवटच्या दिवशी दिग्दर्शकाला काय वाटलं कोण जाणे. त्याने नटाला बाजूला केलं, मागच्या रांगेत दोन खुर्च्या ठेवल्या आणि एकीवर झांजवाल्यांना बसवलं. “दुसरीवर तो आहे असं समजा. मनात येईल ते बोला. पहिल्यासारखं.”

झांजवाल्यांनी दुसऱ्या खुर्चीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, “तुझ्या जागी मोबाइलवाला आलाय. मशीनचा आवाज नाही त्याचा. मला कळतच नाही तो आत आहे की नाही.” ते पुढे म्हणाले, “रेक्झिन आता पूर्वीसारखं येत नाही, सुई घातली की फाटतं. चहा मी आता एकच सांगतो. तो पोऱ्या रोज विचारतो, एकच? मी म्हणतो, एकच. त्याला एकदा सांगून टाकायला पाहिजे, विचारू नकोस म्हणून. पण नाही सांगितलं. तेवढंच कोणीतरी विचारतं.”

असं ते बोलत राहिले. गुडघ्याचं, नातवाचं, पाण्याच्या टाकीचं. कोणी हसलं नाही. आवाज टिपणारी बाई कानावरचे हेडफोन काढून खाली बघत बसली. दिग्दर्शकाने हळूच “कट” म्हटलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या संध्याकाळी झांजवाले घरी आले ते हलके होऊन. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना गाढ झोप लागली.

सिनेमा लागला तेव्हा त्यांनी कवळ्याच्या बायकोला फोन केला. वहिनींची भेट दिवसकार्यानंतर झालीच नव्हती. येतील असं त्यांना वाटलं नव्हतं, पण त्या आल्या, चष्मा पुसत, हातात स्वेटर घेऊन. दुपारचा खेळ होता. थिएटरात मोजकीच डोकी, तीही विखुरलेली. सुरुवातीला जुन्या गाण्याची धून वाजली तेव्हा मागून कोणीतरी शिट्टी मारली. हळूहळू तो माणूसही गप्प झाला. पडद्यावर लोक पडत होते, घोरत होते, आणि दर थोड्या वेळाने कोणीतरी कोणाला तरी “थांब” म्हणत होतं. पुढच्या रांगेतला एक बाप मुलाच्या कानात सांगत होता, “पहिला फार चांगला होता रे. घरी गेल्यावर दाखवतो.”

मग दोन खुर्च्यांचा सीन आला. झांजवाले सावरून बसले. पडद्यावर त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. त्यावर पिपाणीचं गमतीदार संगीत घातलं होतं. म्हातारा हातवारे करून रिकाम्या खुर्चीशी बडबडतोय, आणि एकाएकी ती रिकामी खुर्ची आपोआप मोडून पडते. कोणीतरी एकटंच हसलं.

“तुम्ही काय बोलत होतात?” वहिनींनी अंधारात विचारलं. “ऐकूच आलं नाही.”

“काही नाही. रेक्झिनचं.”

बाहेर आल्यावर दोघे समोरच्या हॉटेलात चहाला बसले. बराच वेळ वहिनी बशीवरचा कप नुसता फिरवत होत्या.

“भावजी, एक बोलू? राग मानू नका. मला पहिलाही कधी आवडला नाही.”

झांजवाल्यांनी मान वर केली.

“सगळे म्हणायचे, तुमचे मिस्टर काय गमतीचे आहेत. घरी ते बोलायचेच नाहीत. जेवायला काय, तर काहीही. बरं आहे का, तर हं. त्या सिनेमात बोललेत ना, तेवढं माझ्याशी सबंध वर्षात बोलत नव्हते. मी तो लावायचे आणि बघायचे, हा माणूस कोणाचा आहे म्हणून.”

भिंतीवर हातोडी ठोकून रोज ज्याला बोलावलं, तो माणूस घरी जाताना रिकामा होऊन जात होता, हे झांजवाल्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

“माझ्याशीही फार नाही बोलायचा,” ते म्हणाले. हे खोटं होतं आणि वहिनींना ते कळलं. त्यांनी स्वेटर अंगात घातला.

सिनेमा लवकरच उतरला. लोक चिडले नाहीत, नुसते खट्टू झाले. रस्त्यात ओळखणारे आता जवळ येऊन हळू आवाजात विचारायचे, जसं आजाऱ्याची चौकशी करावी तसं: “काढायला नको होता ना?” मग तेही बंद झालं. झांजवाले रस्ता ओलांडायला उभे राहिले की गाड्या जायच्या, आणि गाड्या गेल्या की ते ओलांडायचे. मुलीकडून बायकोचा फोन आला. “बघितला. बरा आहे. बारीक झालात का तुम्ही?”

एक दिवस दिग्दर्शक स्वतः दुकानात आला. गिऱ्हाइकाच्या उघड्या पडलेल्या कोचावर, स्प्रिंगा चुकवत टेकला.

“तुमचं बोलणं काढायला नको होतं,” तो म्हणाला.

“ठेवलं असतं तर सिनेमा चालला असता?”

दिग्दर्शकाने प्रामाणिकपणे विचार केला. “नाही. तेव्हाही पडलाच असता.”

“मग झालं तर.”

दोघेही हसले. दिग्दर्शकाला वाटलं माफी मिळाली, आणि तो मोकळा होऊन गेला. झांजवाल्यांना विचारायचं होतं की ते बोलणं कुठे ठेवलंय का, एकदा ऐकता येईल का. पण तोंडात चुका होत्या. त्या काढेपर्यंत गाडी सुरू झाली होती.

पुढे उन्हाळ्यात वहिनींचा फोन आला. दिवाण एका बाजूने खचलाय, बघायला याल का. झांजवाले हत्यारांची पिशवी घेऊन गेले. घरात टीव्ही चालू होता, आवाज मोठा. खिडकीकडची बाजू चांगली खोल गेली होती. कवळ्या कुठे बसायचा ते सांगायची गरज नव्हती. झांजवाल्यांनी तळहाताने तो खड्डा चाचपला.

“ही बाजू तशीच ठेवतो,” ते म्हणाले. “दुसरीकडचं कापड फक्त ताणून देतो.”

“छे, छे. दोन्हीकडे सारखं करा,” वहिनी म्हणाल्या. “मी आता तिथेच बसते. उजेड आहे. पाठ धरते माझी त्या खड्ड्यात.”

झांजवाल्यांनी कापड उसवलं. आतला चुरा झालेला फोम काढून वर्तमानपत्रावर ठेवला, पट्ट्या बदलल्या, नवा फोम कापून बसवला. वहिनी मधून मधून टीव्हीकडे बघत होत्या, मधून मधून त्यांच्या हातांकडे. काम संपेपर्यंत दुपार कलली. जुना फोम त्यांनी पिशवीत भरला. टाकून द्या, असं वहिनींनीच सांगितलं होतं.

“बसून बघा,” झांजवाले म्हणाले.

वहिनी बसल्या. थोडं पुढे, थोडं मागे सरकल्या.

“जरा कडक वाटतंय.”

“बसेल हळूहळू.”

झांजवाल्यांनी पाणी मागितलं, पिऊन ग्लास स्वतःच मोरीत ठेवला आणि चपला घातल्या. परत या असं वहिनी म्हणाल्या नाहीत, येतो असं तेही म्हणाले नाहीत. जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत टीव्हीचा आवाज येत राहिला. खाली ऊन उतरलं होतं. कचऱ्याचा डबा फाटकाशेजारीच होता. झांजवाल्यांनी पिशवी त्याच्यापर्यंत नेली, जरा वेळ हातात धरली, आणि तशीच घेऊन ते दुकानाच्या रस्त्याला लागले.