हिना आणि माझं डावं मनगट

कल्याणच्या जुन्या बाजारातल्या अत्तराच्या दुकानात लागलो तेव्हा पहिलं वर्षभर मला गिऱ्हाइकाशी बोलायची मुभा नव्हती. सकाळी नऊला चाचांसमोर दोन्ही हात पुढे करून बसायचं, हे माझं मुख्य काम. चाचा म्हणजे दुकानाचे मालक. काचेच्या बुचाला खाली बारीक दांडी असते; ती कुपीत बुडवून ते माझ्या डाव्या मनगटावर एक रेघ ओढत, दुसऱ्या अत्तराची उजव्यावर, आणि म्हणत, "जा, आता फिर." मग झाडलोट, बाटल्या पुसणं, पोचवापोचवी, सगळं त्याच हातांनी. दर दोन तासांनी परत येऊन हात त्यांच्या नाकापुढे धरायचे.

चाचांचं वय साठीच्या पुढचं. त्यांची कातडी सुकलेली, तिच्यावरून अत्तर तासाभरात उडून जायचं. माझी धरून ठेवायची. "तेलकट आहेस बेटा, वरवाल्याची मेहेरबानी," असं ते म्हणायचे. गावाकडे, परभणीच्या बाजूला, याच तेलकट तोंडावरून पोरं मला 'पणती' म्हणून चिडवायची. सातवीनंतर शाळा सुटली, पुढे मिळेल ते काम केलं आणि एकविसाव्या वर्षी इथे आलो. चाचांनी दाखला मागितला नाही. हात पुढे कर म्हणाले. दुकानावरच्या माळ्यावर झोपायला जागा दिली, दुपारचं जेवण त्यांच्या घरून यायचं. एवढं कुणी केलं की माणूस सुखी होतो म्हणतात. मी घाबरायला लागलो. थंडीत टाचांना भेगा पडल्या तरी जीव धसकायचा, की आता हातपण सुकणार आणि आपली गरज संपणार.

अत्तराचं मला जे काही कळतं ते मनगटाकडून कळलंय. केवडा सकाळी डोक्यात चढतो आणि बाराच्या आत निघून जातो. घरात शिरल्यापासून बोलत सुटलेला पाहुणा चहा न घेताच उठावा तसा. मोगरा घामाशी भांडतो. खस लावल्यावर आधी उपटलेल्या मुळाचा कच्चा वास येतो, मग दुपारच्या उन्हात अचानक गार वाटतं, हात माठाला टेकल्यासारखा. हिना सगळ्यांत अवघड. मेंदीच्या फुलांचा अर्क, त्यात जटामांसी, लवंग, नागरमोथा असं बरंच काही. सकाळी तो काढ्यासारखा कडवट लागतो, नकोसा. चार वाजता त्याला ऊब येते. संध्याकाळी तो असा काही गोड होतो की समोरचा माणूस बोलता बोलता थांबतो. पण हे मला समोरच्या माणसाकडूनच कळायचं. अंगावर लावलेलं अत्तर अर्ध्या तासाने स्वतःला येईनासं होतं. त्यामुळे मी दिवसभर लोकांच्या नाकपुड्या बघत हिंडायचो.

नियम थोडे होते, पण पक्के. अंघोळीला साबण नाही, हरभऱ्याचं पीठ. तंबाखू नाही. कांदा-लसूण नाही, कारण दोन दिवसांनीसुद्धा तो घामातून बाहेर येतो. "बाटली खोटं बोलते," चाचा म्हणायचे. "कातडी खोटं बोलत नाही. म्हणून मी तुझ्या कातडीवर विश्वास ठेवतो."

नव्वद साल अजून लागायचं होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. एका बुधवारी शीळफाट्याकडच्या गावातली एक आगरी आजी दुकानात आली. गुडघ्यापर्यंत कासोट्याचं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात पिशवी. बसायच्या आधीच सुरू झाली.

"नातीची हलद हाय. सगला गाव येनार. वास असा पायजे का दुसरे दिवशी पोर सासरी उतरली तरी तिचे अंगाव र्‍हावाला पायजे."

चाचांनी चामड्याची बुधली काढली. गेल्या थंडीपासून त्यांनी त्यात हिना मुरत ठेवलेला. स्वतःच्या हाताने मिसळलेला, रोज एकदा हलवलेला. मलाही हात लावू दिला नव्हता. आजीने बुचाचा वास घेतला आणि बूच परत दिलं.

"ह्यो बाटलीतला वास. बाटलीन सगलाच चांगला येतो. मानसाचे अंगाव दिसभर लावून दाखव. शनवारी सांजचे येन."

चाचा हसले. "हा आमचा माणूस. याच्या हातावर बघा शनिवारी."

आजीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्यो? बरा हाय. दिव्यासारका चकाकतंय."

त्याच संध्याकाळी गावाकडचा एक माणूस यष्टीने आला आणि आईने पाठवलेलं गाठोडं देऊन गेला. भाकरी आणि लसणाची चटणी, कारळं घालून कुटलेली. घर सोडून तेव्हा चौदा महिने झालेले. गाठ सोडली आणि माळा त्या वासाने भरून गेला. चिमूटभर खाऊ, असं मनाशी ठरवलं. चिमूटभराने काय होतंय? बुधवारी दोन भाकऱ्या खाल्ल्या. गुरुवारी पण. शुक्रवारी खाल्ली नाही, दिवसभर पाणी पीत राहिलो. शनिवारी सकाळी उरलेली अर्धी भाकरी कडक झालेली, टाकवेना. चहात बुडवली, वर चटणी लावली आणि खाल्ली. मग पिठाने अंग असं घासलं की दंड लाल झाले. काय केलंय ते मला तेव्हाच कळत होतं. पिठाने निघेल, असं धरून चाललो.

नऊला चाचांनी डाव्या मनगटावर हिन्याची रेघ ओढली. उजवं मोकळं ठेवलं. "आज दुसरं काही नाही. घाम येईल असं फिर, तीनला ये."

विठ्ठलवाडीला दोन बाटल्या पोचवायच्या होत्या, चालत गेलो. ऊन होतं. सारखा मनगट नाकाशी नेत होतो आणि मला काहीच येत नव्हतं, ना हिना, ना दुसरं काही. पानाच्या टपरीवर सुटे मागितले तर टपरीवाल्याने मान जरा मागे घेतली. की मला तसं वाटलं? परत येताना एका बाईने पदर नाकाशी धरला. पण तिथे गटार होतं.

तीन वाजता चाचांसमोर हात धरला. त्यांनी वास घेतला. डोळे उघडले. स्वतःच्या सदऱ्याची बाही हुंगून नाक साफ केलं आणि परत घेतला.

"काय झालं चाचा?"

त्यांनी बुधली काढली, बुचाचा वास घेतला, मान हलवली. मग परत माझं मनगट.

"बिघडलाय," ते म्हणाले. "आत काहीतरी कुजलंय. बाटलीत कळत नाही, अंगावर फुटतंय."



"जटामांसी जास्त पडली असेल. की तेलात पाणी राहिलं?" ते माझ्याशी बोलत नव्हते. स्टुलावर बसून बोटं मोजल्यासारखं एकेक जिन्नस आठवत होते. "नाही, हात गेला माझा. वयाने नाक तर मंदावलंच होतं, आता हात पण गेला. अब्बा असते तर म्हणाले असते, दुकान बंद कर."

मी फडकं घेऊन एकच बाटली पुसत होतो. आता बोललो तर माळा गेला, जेवण गेलं, चाचांच्या तोंडून येणारं 'बेटा' गेलं. नाही बोललो तर सगळं आहे तसं राहतंय, फक्त एक बुधली जातेय. बुधली काय, दुसरी भरता येते. असं मी स्वतःला सांगत होतो. आणि चाचा स्वतःच्या उजव्या पंजाकडे बघत बसलेले.

"शेजारच्या दवाखान्यात जा," ते शेवटी म्हणाले. "उल्हासनगरच्या उदबत्तीवाल्याला फोन लाव. म्हणावं डबा घेऊन ये. त्याच्या मसाल्यात खपून जाईल. आणि म्हातारी आली तर मी सांगतो तिला."

दवाखान्यात गेलो. कंपाउंडरने फोन पुढे सरकवला. नंबर पाठ होता. चार आकडे फिरवले आणि बोट पुढे जाईना.

"लागत नाय काय?" कंपाउंडर म्हणाला.

"लागेल," म्हटलं आणि रिसीव्हर ठेवून बाहेर पडलो.

चाचा तिथेच बसलेले. मी उंबऱ्यावरूनच म्हटलं, "चाचा, हिना चांगलाय."

"तुला काय कळतंय?"

"मी चटणी खाल्लीय."

"कसली चटणी?"

"लसणाची. गावाकडनं आलेली. बुधवारी. गुरुवारी पण."  "आज सकाळी पण."

चाचा उठले नाहीत, ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आज सकाळी पण," ते म्हणाले. "भूक लागली, आईची आठवण आली, खाल्लीस. ठीक आहे, माणूस आहेस. पण एक तास मी इथे बसून स्वतःच्या हातांना दोष देतोय आणि तू समोर बाटली पुसतोयस? ते कसं जमलं तुला?"

मी अजून उंबऱ्यावरच होतो. 

तेवढ्यात आजी आली, सांगितल्यापेक्षा जरा लवकरच. चाचांनी तिला बसा म्हटलं आणि काहीही न लपवता सांगून टाकलं, की याने लसूण खाल्लाय, आजची परीक्षा रद्द, मंगळवारी या. मला वाटलं आता ही उठून दुसऱ्या दुकानात जाणार. तिने माझा हात ओढला, हुंगला आणि खो खो हसत सुटली.

"अरं, ह्यो तं लसून! माज्या सुनेचे टोपाचा वास!"

"म्हणून तर म्हणतो, मंगळवारी."

"मंगलवारी कनाला? हलदीचे दिशी पोरीला काय खिचरी खावाला घालनार? मटान असनार, सुकट असनार, सगले अंगनान लसनाचा वास. आन तिचे अंगाव हलद. तू ह्या पोराला पिठान घासून पुसून लावतंस. आमची पोर काय घासलेली भांडी हाय?"

चाचांचा चेहरा बदलला. "हळदीवर अत्तर लावत नाहीत, आई. हळद सगळं खाऊन टाकते."

"खावंदे. कोन कोनाला खातं ता बगू."

तिने पिशवीतून नुकतीच घेतलेली हळद काढली. दुकानात खोबरेल होतंच. तळहातावर कालवून तिने माझ्या उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत लेप दिला, घट्ट, शेणाने जमीन सारवावी तसा. "आता लाव तुजा हिना."  हळदीच्या आधी लावायला हवा होता, असं काहीतरी चाचा पुटपुटले. आजीने मनगटापाशी बोटाने थोडा लेप पुसून जागा केली, चाचांनी तिथे रेघ ओढली आणि आजीने वरून परत हळद थापली.

"धुवायचा नाय. उद्या दुपारी येन. चटनी खायाची तं खा."

खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो पिवळा हात अंगापासून लांब धरून वावरलो. हळद वाळून तडकली, खाज सुटली, तरी बोट लावलं नाही. चाचा माझ्याशी कामापुरतं बोलत होते, तेही बाटल्यांकडे बघून. एकदाही त्यांनी वास घ्यायला हात मागितला नाही.

आजी बाराला आली. वाळलेल्या हळदीवर नाक नेलं. काही नाही. परत नेलं. भुवया आखडल्या. मी चाचांकडे बघितलं. ते बुधलीचं तोंड कापडाने आवळत होते, पण हात थांबलेला.

मग आजीने अंगठ्याच्या नखाने मनगटावरचा लेप खरवडला. एक खपली पडली. तिने त्या उघड्या जागेवर नाक टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. तिच्या श्वासाची ऊब मला कळत होती, दुसरं काहीच कळत नव्हतं.

"हाय," ती म्हणाली. "खाली हाय. हलद उतरल तसा वर येल." मग चाचांना म्हणाली, "ये, तू पन बग. तुजाच हाय ना?"

चाचा पुढे आले. कालपासून पहिल्यांदा त्यांनी माझा हात धरला. वास घेतला, डोळे मिटून, आणि तसेच उभे राहिले. इतकी वर्षं अत्तर विकून त्यांनी हा वास कधी घेतला नव्हता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"सगली बुधली पायजे," आजी म्हणाली.

ती गेल्यावर चाचांनी मला हात धुवून यायला सांगितलं. धुवून आलो तर म्हणाले, "माळ्यावर राहा. काम कर. पण उद्यापासून हात पुढे करायचा नाही."

दीड महिना मी झाडलोट केली, बाटल्या पुसल्या, पोचवल्या. रोज सकाळी नऊला चाचा स्वतःच्या सुक्या मनगटावर रेघ ओढायचे, तासाभरात ती उडायची, परत ओढायचे. वरचेवर लावून तिथे लाल चट्टे उठले. मी बघायचो आणि दुसरीकडे नजर वळवायचो. काढून का टाकलं नाही, हे विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं तर आठवेल आणि काढतील, असं वाटायचं.

मग एका सकाळी खसाची नवी कुपी आली. ठाण्याहून एक गिऱ्हाईक संध्याकाळी त्यासाठीच येणार होतं. चाचांनी बूच काढलं, बाही वर केली, चट्ट्यांकडे पाहिलं. माझ्याकडे न बघता दांडी माझ्या बाजूला वळवली. तिच्या टोकाला हिरवट थेंब लोंबत होता.

माझे दोन्ही हात आपोआप पुढे गेले. मग मी ते मागे घेतले.

"चाचा, काल रात्री ताप आलेला. दोन गोळ्या घेतल्यात. आज घाम वेगळा येईल."

थेंब काउंटरच्या काचेवर पडला. चाचांनी तो बोटाने टिपला, बूच परत बसवलं.

"मग परवा," ते म्हणाले. "त्या गिऱ्हाइकाला सांगतो मी."