रिकाम्यानं बाजूला व्हायचं

मालवाहू जहाजावर अधिकारी व्हायला सरकारी परवाना लागतो आणि त्यासाठी तोंडी परीक्षा असते. मी तिचा अभ्यास देऊळघाटला, आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून केला. बाबांनी समुद्र कधी पाहिलेला नाही. तरी ते नियम माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे आणि वर त्यात दुरुस्त्या सुचवायचे.

"समोरासमोर दोन जहाजं आले तं दोघंबी उजवीकडे वळतेत? काऊन बे? रिकाम्यानं बाजूले व्हावं, भरल्याले वाट द्यावी. सोपं हाय."

शेताकडे जाणाऱ्या आमच्या पांदणीत हाच कायदा चालतो. परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला आणि माझ्या तोंडून बाबांचं उत्तर निघून गेलं. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी पेन खाली ठेवलं, गाव कोणतं ते विचारलं आणि मला नापास केलं.

घरी सांगितलं, तर बाबा साहेबांवरच तापले. "त्याले भरल्या ट्रॉलीसमोर उभा कर, मंग समजीन."

दुसऱ्या खेपेला पास झालो. परवाना खिशात घालून मोटारसायकलवर ऐटीत शेताकडे निघालो, तर पांदणीत समोरून बाबांचा ट्रॅक्टर आला. मागची ट्रॉली सोयाबीनच्या पोत्यांनी गच्च भरलेली. मी जहाजाच्या नियमाप्रमाणे उजवीकडे वळलो आणि थेट चिखलात रुतलो. बाबांनी स्टेअरिंग जराही हलवलं नाही. शेजारून जाताना वरूनच म्हणाले,

"आता झाला तू पास."